साडूपेक्षा तीन गिअर जास्त

माझं माझ्या साडूशी कसलंही भांडण नाही. फक्त त्याचं चांगलं झालेलं मला बघवत नाही.

साडू म्हणजे प्रदीपराव, माझ्या बायकोच्या, सुजाताच्या, थोरल्या बहिणीचे यजमान. राहायला किहीमला. नारळ-सुपारीची वाडी, वाडीत पर्यटकांसाठी चार खोल्या आणि तोंडावर बारा महिने हसू. मी राहायला थळला, नोकरी गावाबाहेरच्या हायस्कुलात, लेखनिक म्हणून. माझ्या तोंडावर बारा महिने काय असतं ते मी आरशात फारसं बघत नाही.

आमच्या लग्नाला अठरा वर्षं झाली आणि या अठरा वर्षांत आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य म्हणजे, "भाऊजींना जमतं, मग तुम्हालाच कसं जमत नाही?" भाऊजींना मोदकाच्या कळ्या पाडता येतात. भाऊजींना गाडी उलटी घेता येते. भाऊजींना ताईचा वाढदिवस बरोबर लक्षात राहतो. (ताईचा वाढदिवस सव्वीस जानेवारीला असतो. त्या दिवशी अख्खा देश झेंडा लावून आठवण करून देतो. पण हे सुजाताला सांगून उपयोग नसतो.)

मला फार काही नको होतं. आयुष्यात एकदा, फक्त एकदा, सुजाताच्या तोंडून ऐकायचं होतं की अमुक एक गोष्ट भाऊजींना नाही जमणार, ती तुम्हालाच जमली. विषय कुठलाही चालला असता. मोदकच पाहिजे असा हट्ट नव्हता.

तर गेल्या वर्षी माझ्या स्कूटरने मान टाकली. मेकॅनिकने तिच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "साहेब, हिला आता हार घाला."

शाळा घरापासून दोन किलोमीटर. रस्ता सपाट. सुजाता म्हणाली, "एवढ्याशासाठी नवी गाडी कशाला? साधी सायकल घ्या की. मागे कॅरिअर, पुढे बास्केट. सकाळी तुम्ही शाळेत न्या, संध्याकाळी मी बाजारात नेईन. परवडेल पण आणि तुमचं पोटही जरा जागेवर येईल."

मला ते पटलं. मी तेव्हा प्रामाणिक माणूस होतो. अलिबागला जाऊन एक परवडणारी साधी सायकल घ्यायची, एवढाच माझा विचार होता आणि तो रविवारपर्यंत टिकला. रविवारी आम्ही किहीमला गेलो.

प्रदीपराव अंगणात उभे होते. त्यांच्या बाजूला एक नारिंगी सायकल उभी होती. जाड टायर, चकचकीत दांडा, हँडलवर दोन-तीन खटके. आणि प्रदीपरावांच्या शर्टाखाली गेली कित्येक वर्षं जे पोट होतं ते नव्हतं. सुजाताने आधी प्रदीपरावांचं नसलेलं पोट पाहिलं, मग सायकल पाहिली, मग माझं असलेलं पोट पाहिलं. बोलली असती तर बरं झालं असतं.

"किती गिअर?" मी विचारलं.

"अठरा," प्रदीपराव म्हणाले. "घेतली आपली सहज."

त्या 'सहज'ने माझा घात केला. लोन काढून घेतली म्हणाले असते, कुणी भेट दिली म्हणाले असते, तर मी सोसलं असतं. पण सहज! परत येताना सुजाता म्हणाली, "भाऊजींनी या वयात मनावर घेतलं हो." मी एसटीच्या खिडकीतून बाहेर बघत होतो आणि माझ्या पोटात काय जळत होतं ते ताईकडच्या वडीच्या रश्शामुळे जळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी अलिबागला सायकलच्या दुकानात. दुकानदार काका वयस्कर, चष्मा नाकावर, घाई अजिबात नाही. त्यांनी मला तीन प्रश्न विचारले.

"रोज किती जाणार?"

"दोन किलोमीटर."

"रस्ता कसा?"

"सपाट."

"काय काय न्यायचं-आणायचं?"

"जाताना डबा. येताना नारळ, भाजी, कधी मासळी."

काकांनी मागच्या रांगेतून एक काळी सायकल बाहेर काढली. कॅरिअर, बास्केट, मडगार्ड, चेनला कव्हर, दोन पायांचा भक्कम स्टँड. "ही घ्या आणि पंधरा वर्षं माझं तोंड बघू नका," म्हणाले. भाव ऐकला, तर ठरवलं होतं त्यापेक्षाही कमी. माणसाने एवढ्यावर शहाणं व्हावं आणि घरी जावं. पण माझ्या तोंडातून प्रश्न गेला, "किहीमच्या प्रदीपरावांनी तुमच्याकडूनच नेली ना?"

"हो तर. त्यांनी तर दोन..."

"त्यांचं असू द्या," मी म्हणालो. "त्यांच्या सायकलला अठरा गिअर आहेत. माझ्या ऐपतीत त्याच्याहून जास्त गिअरची दाखवा."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "दोन किलोमीटर सपाट रस्त्याला?"

"हो."

मग त्यांनी एक निळी सायकल दाखवली. एकवीस गिअर. साडूपेक्षा तीन जास्त. भाव माझ्या ऐपतीच्या अगदी काठावर, एक पाय बाहेर. काका सज्जन माणूस, पुढचं सगळं त्यांनी आधीच सांगितलं. "हिला मडगार्ड नाही. कॅरिअर नाही. चेनकव्हर नाही. स्टँड नाही. ते सगळं वेगळं घ्यावं लागतं."

"घंटी?"

"ती पण वेगळी."

माझ्याकडे वेगळं घ्यायला काही उरलं नव्हतं. मी नुसते एकवीस गिअर घेऊन घरी आलो.

सुजाताने सायकलभोवती एक प्रदक्षिणा घातली. "कॅरिअर कुठाय?"

"वेगळं मिळतं."

"बास्केट?"

"अशा सायकलला बास्केट नसते."

"मग हिच्यात आहे काय?"

"एकवीस गिअर. चढावर लागतात."

"शाळेच्या रस्त्याला चढ कुठे आहे?"

"आहे ना, दवाखान्याच्या पुढे."

"अहो, तो स्पीडब्रेकर आहे," सुजाता म्हणाली आणि आत निघून गेली. संध्याकाळी ती पिशवी घेऊन बाजारात चालत गेली. माझ्यासमोरून, मुद्दाम.

सायकल मी रोज नेऊ लागलो. स्टँड नसल्यामुळे ती उभी राहत नसे, तिला सतत कुणाचा तरी आधार लागे. शाळेत मी ती हेडमास्तरांच्या खिडकीला टेकवत असे आणि दिवसातून दोनदा ती आडवी होऊन हेडमास्तरांना दचकवत असे. कॅरिअर नसल्यामुळे डबा हँडलला लटकायचा. वरणाला दोन किलोमीटर झोके मिळाले की ते डब्यात राहायला तयार नसतं हे मला नव्याने कळलं. सीट इतकी अरुंद की शाळेत पोचल्यावर पहिला तास मी उभ्यानेच काम करायचो. लोकांना वाटलं, माझ्यात उत्साह संचारला आहे.

गिअर मी एकच वापरत होतो. बाकीचे वीस ओळखीच्या माणसांच्या घरावरून जाताना बदलायचो. खट् खट् आवाज झाला की लोक ओटीवरून बघतात.

आणि मडगार्ड! आमच्या बंदरावरून रोज सकाळी मासळीचे टेम्पो निघतात. त्यातून बर्फाचं पाणी गळत जातं, त्यामुळे आमचा रस्ता चैत्र-वैशाखातही ओला. मडगार्ड नसलेलं मागचं चाक ते पाणी उचलायचं आणि माझ्या पाठीवर कमरेपासून मानेपर्यंत सरळ एक पट्टा ओढायचं. सुजाता रोज शर्ट धुताना म्हणायची, "भाऊजींच्या शर्टाला असा पट्टा नसतो."

"तू बघायला गेली होतीस?"

"ताईला विचारलं मी."

मला रात्रंदिवस एकच कोडं. सायकल त्यांचीही तसलीच. मडगार्ड त्यांच्याही सायकलला नव्हतं, मी डोळ्यांनी पाहिलं होतं. मग या माणसाचा शर्ट कोरडा राहतो कसा? देव काही माणसांच्या पाठीशी उभा असतो म्हणतात, पण इतका खेटून!

तीन आठवड्यांत चेन गंजली. खाऱ्या वाऱ्याने तिला बदामी करून टाकलं. पॅडल मारलं की सायकल कण्हायची. नेमका तेव्हाच प्रदीपरावांचा फोन आला.

"काय अनंतराव, सायकल काय म्हणते? गंजली-बिंजली नाही ना? माझ्या सायकलवर अजून एक ठिपका नाही. मी एक स्प्रे मागवलाय, पाठवू का?"

"नको नको," मी म्हणालो. "माझी गंजतच नाही."

"वा! मग येत्या रविवारी तिच्यावरच या. दोन नव्या खोल्या बांधल्या ना, त्यांची सत्यनारायणाची पूजा ठेवलीय. सगळे येणार आहेत. बघू तरी तुमचे एकवीस गिअर."

सुजाता ताईच्या मदतीला शुक्रवारीच किहीमला गेली. जाताना म्हणाली, "रविवारी नीट या. मिनीडोर रिक्षाने या. स्वच्छ कपडे घालून या." त्यातलं तिसरं मी ऐकलं.

शनिवारी दुपारी मी हिराजी नाखवाकडे गेलो. नाखवा आमच्या शेजारचे, दर्यावर साठेक वर्षं काढलेला माणूस. किनाऱ्यावर आपल्या होडीच्या सावलीत बसून जाळं शिवत होते.

"नाखवा, खाऱ्या हवेपासून वस्तू राखायला काय लावायचं?"

"आमी होरीला मुशीचा तेल लावतो," नाखवा म्हणाले. "चालीस वरसं झाली. होरी हाय तशी हाय."

मुशी म्हणजे लहान शार्क. तिचं काळीज उकळून हे तेल काढतात आणि होडीच्या लाकडाला चोपतात. लाकूड कुजत नाही, किडा लागत नाही. नाखवांनी मला त्यांच्या जुन्या डब्यातलं तेल बाटलीत ओतून दिलं. बूच लावायच्या आत माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

"नाखवा, याला वास येतो जरा."

"कसला वास?" नाखवांनी खरोखरच्या नवलाने विचारलं.

"किती लावू?"

"आमी त हात सोरून लावतो."

मीही हात सोडून लावलं. पडवीत बसून चेनला लावलं, दांड्याला लावलं, हँडलला, पॅडलला, चाकाच्या कड्यांना लावलं. उरलं ते ब्रेकच्या रबरावर ओतलं, वाया कशाला घालवायचं? सायकल अशी चमकायला लागली की मी तिच्याकडे बघत बसलो. सुरुवातीला वास येत होता. संध्याकाळपर्यंत येईनासा झाला. मला वाटलं, उडून गेला. उडाला नव्हता, माझं नाक हरलं होतं.

रविवारी पांढरा झब्बा घालून मी निघालो. पट्टा उठू नये म्हणून मासळीचे टेम्पो जाऊन रस्ता सुकेपर्यंत थांबलो होतो. एवढा विचार मी केला होता, हे कृपा करून लक्षात ठेवा.

कोळीवाड्याच्या वळणावर एक मांजर मागे लागलं. मी दुर्लक्ष केलं. पुढे दोन झाली. मग चार. मांजरं आपापल्या आळीच्या हद्दीवर थांबत होती, पण लगेच पुढच्या आळीची कामावर रुजू होत होती. कुत्र्यांना हद्दीचं बंधन नव्हतं, ती सगळीच्या सगळी येत होती. नवगावात एका ओटीवर बसलेल्या आजीने मला हात केला.

"ए दादा, थांब रं. म्हावरा काय हाय?"

"मासे नाहीत आजी, पूजेला चाललोय."

"मंग वास कसला?"

मी खट् खट् करून गिअर बदलला आणि पुढे निघालो. तेव्हासुद्धा मला वाटलं, म्हातारीला भास झाला असेल. मत्सराने माणूस आंधळा होतो हे ऐकलं होतं, मी नाकानेही गेलो होतो.

प्रदीपरावांच्या वाडीच्या फाटकातून आत थोडा उतार आहे. समोर मांडव, मांडवात पाहुणे, चौरंगाला केळीचे खांब, आणि पाटावर सोवळं नेसून प्रदीपराव आणि ताई, म्हणजे मेघनाताई. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी आयुष्यभर ज्या क्षणाची वाट बघितली तो आला होता. मी ऐटीत ब्रेक दाबला. ब्रेकच्या रबराने चाकाच्या कड्याला प्रेमाने गोंजारलं आणि सोडून दिलं.

थांबता येत नाही म्हटल्यावर मी एक केलं, हसतमुखाने सगळ्यांना हात दाखवला आणि तसाच मांडवावरून पुढे, घराला वळसा घालून मागच्या अंगाला गेलो. तिथे नारळाच्या सोडणांचा मोठा ढीग होता, त्यात शिरून थांबलो. (पाहुण्यांना वाटलं मी सायकल मागे लावायला गेलो. नंतर एक जण म्हणालासुद्धा, "काय सफाईने नेलीत हो.") बाहेर आलो, झब्बा झटकला, आणि स्टँड नसल्यामुळे सायकल भिंतीला टेकवली. ती भिंत स्वयंपाकघराची होती. सायकलच्या बरोबर वर खिडकी होती आणि खिडकीच्या आत प्रसादाचा शिरा भाजला जात होता.

मी मांडवात येऊन बसलो. सुजाताने माझी पाठ तपासली. पट्टा नव्हता. तिने नुसती मान हलवली, तरी माझी छाती फुगली.

कथेचा तिसरा अध्याय चालू असताना वारा फिरला. गुरुजी वाचता वाचता थांबले. त्यांनी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे हुंगलं.

"यजमान, आज घरात काही... म्हणजे आतल्या बाजूला..." गुरुजींना तो शब्द पूजेत उच्चारायचा नव्हता. पण तोवर अख्ख्या मांडवाने हुंगून घेतलं होतं. पुण्याहून आलेल्या एका जोडप्याने रुमाल काढले. नव्या खोल्यांचे ते पहिले पाहुणे होते.

मेघनाताई पाटावरून उठल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी. "गुरुजी, देवाशप्पथ सांगते, सोमवारपासून घरात मासळी नाही. भांडीसुद्धा वेगळी काढलीयेत."

प्रदीपरावांचे धाकटे भाऊ विलासराव अलिबागहून आले होते. त्यांना शोध घ्यायची हौस. त्यांनी फ्रिज उघडला, डबे उघडले, शेवटी माळ्यावर चढले आणि तांदळाच्या पिंपामागून एक बरणी घेऊन उतरले. बरणीत सुकट.

"ही कुणाची?"

मग सोवळ्यातले प्रदीपराव हळूच म्हणाले, "माझी. कधीतरी चिमूटभर, भाकरीबरोबर."

"तुम्हाला डॉक्टरांनी मीठ बंद केलंय ना!" मेघनाताई म्हणाल्या. "आणि आजच्या दिवशी घरात ठेवलीत?"

आणि माझी सुजाता, जिने अठरा वर्षं या माणसाची आरती ओवाळली, ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही?"

काय सांगू तुम्हाला! मी डोळे मिटून घेतले. शेजारच्यांना वाटलं, कथेत रंगलोय.

डोळे उघडले तेव्हा स्वयंपाकघराच्या खिडकीत एक मांजर चढलेलं दिसलं. ते आत बघत नव्हतं. ते खाली, बाहेर बघत होतं, जिथे मी सायकल टेकवली होती. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि नाकही परत आलं. वास बरणीचा नव्हता. बरणीचं झाकण तर विलासरावांना गुडघ्यात धरूनही उघडता आलं नव्हतं.

इथे मी उठायला हवं होतं. नाही उठलो. खोटं कशाला बोलू? प्रदीपराव मान खाली घालून बसलेत, ताई रडतेय, लोक त्यांच्याकडे बघतायत, हे मला परत कधी बघायला मिळणार होतं? ताईचं वाईट वाटत होतं. पण मी स्वतःला सांगितलं, पाच मिनिटं. पाच मिनिटं बघतो आणि मग बोलतो.

विलासरावांनी बरणी नेऊन वाडीच्या दगडी गडग्याबाहेर ठेवली. गुरुजींनी पोथी उचलली, श्वास घेतला आणि पोथी खाली ठेवली. "अजून आहे," म्हणाले.

सुजाता बरणी आणखी लांब टाकायला म्हणून बाहेर गेली. जराशाने ती दारात आली. आवाज एकदम मऊ. "अहो, जरा मागच्या दारी येता?"

अठरा वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, हा आवाज ऐकला की माणसाने आधी चपला शोधाव्यात.

मागच्या दारी गडग्याबाहेर सुकटीची बरणी एकटी पडली होती. तिच्याकडे एकही मांजर फिरकलं नव्हतं. किहीममधली सगळी मांजरं माझ्या सायकलभोवती गोल करून बसली होती. दोन चेन चाटत होती. एक सीटवर बसलं होतं आणि माझ्यापेक्षा बरं दिसत होतं.

सुजाताने दांड्यावरून एक बोट फिरवलं, नाकाशी नेलं. "काय लावलंय?"

"तेल."

"कसलं?"

"होडीचं."

"मुशीचं?"

मी मान हलवली.

"किती?"

"हात सोडून."

तिने बोट पदराला पुसलं नाही, माझ्या झब्ब्याला पुसलं. "आणि आत भाऊजींना सगळे बोलत होते तेव्हा तुम्हाला कळलं नव्हतं?"

"कळलं होतं."

ओरडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती नुसती बघत राहिली आणि मला पहिल्यांदा माझी लाज वाटली, खरी, कानापर्यंत पोचणारी.

"जा," ती म्हणाली. "ताई रडतेय. जाऊन सांगा."

मी मांडवात गेलो आणि म्हणालो, "गुरुजी, वास माझा आहे."

पुढचं सगळं मी उभ्याने सांगितलं. गंज, स्प्रे, नाखवा, मुशी, सगळं. पुण्याच्या जोडप्याने तोंडावरचे रुमाल काढून डोळ्यांना लावले. गुरुजींनी आचमन केलं, पण हसू फुटल्यामुळे दोनदा करावं लागलं. मेघनाताईंचं रडू थांबलं. आणि प्रदीपराव! मला वाटलं, आता तरी हा माणूस चिडेल, चार शब्द सुनावेल, म्हणजे आमची फिट्टंफाट होईल. पण नाही. ते पोट धरून हसले. (नसलेलं पोट.) म्हणाले, "अनंतराव, आधी पूजा उरकू, मग तुमची सायकल आपण दोघं धुऊ."

आणि खरंच धुवायला आले, सोवळं खोचून. इतका चांगला माणूस असतो का हो? असल्या चांगुलपणाला कुणी काय करावं?

साबण आणायला त्यांनी मागच्या पडवीतली खोली उघडली. आत त्यांची नारिंगी सायकल होती. दोन्ही टायर बसलेले, सीटवर धूळ, बाजूला स्प्रेचा डबा, त्याचं सीलसुद्धा न फोडलेलं. आणि तिच्याशेजारी एक काळी सायकल. कॅरिअर, बास्केट, मडगार्ड, चेनकव्हर, स्टँड.

"ही कुणाची?" मी विचारलं. मला उत्तर ठाऊक होतं.

"माझी. रोज चोंढीला दूध आणायला हिच्यावरच जातो. दोन्ही एकदमच घेतल्या. ती नारिंगी पाहुण्यांना फोटो काढायला. एकदा बसलो, तर दोन दिवस नीट बसता आलं नाही. का, दुकानवाल्या काकांनी तुम्हाला सांगितलं नाही?"

"सांगत होते," मी म्हणालो. "आणि पोट?"

"डॉक्टरांनी भात बंद केला. सहा महिने भाकरी आणि दुधी." मग जरा जवळ येऊन हळूच म्हणाले, "खरं सांगू? तुम्ही एकवीस गिअरची घेतलीत आणि रोज चालवता, हे कळल्यापासून आमच्याकडे एकच चालू आहे. अनंतरावांना जमतं, मग तुम्हालाच कसं जमत नाही?"

मी तिथेच सोडणांवर बसलो. ज्या वाक्यासाठी मी अठरा वर्षं झुरलो, ते जगात कुणीतरी रोज बोलत होतं. पण चुकीची बहीण!

सायकल तीन वेळा धुतली. मांजरांनी जागा सोडली नाही. शेवटी ती तिथेच ठेवायचं ठरलं. (आता आमच्याकडे काळी आहे. काकांनी निळी परत घेताना नाकाला रुमाल लावला, पण बोलले काही नाहीत. काळीला कॅरिअर आहे, बास्केट आहे, आणि सकाळ-संध्याकाळ ती सुजाताच नेते. मी शाळेत चालत जातो. पोट त्यामुळे थोडं उतरलंय.)

त्या दिवशी परतताना विलासरावांनी अलिबागसाठी मिनीडोर सांगितली होती, आम्हाला ती वाटेत थळला सोडणार होती. चालक आम्ही चढताच म्हणाला, "म्हावरा असंल तर टपावर ठेवा." विलासराव पुढे चालकाशेजारी जाऊन बसले. सुजाता मागे, माझ्यापासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसली. नवगाव येईपर्यंत ती नाकाला पदर लावून बसली. मग एकदम फुटली.

"देवाच्या पूजेला मुशीचं तेल! मांजरं काय, कुत्री काय! ताईला रडवलंत, गुरुजींची पोथी मिटवलीत आणि वर गुपचूप बसून मजा बघितलीत. शप्पथ घेऊन सांगते, भाऊजींना असलं काही सात जन्मांत जमणार नाही!"

मी ते शेवटचं वाक्य मनातल्या मनात पुन्हा ऐकलं. मग तिच्याकडे सरकलो आणि हळूच म्हणालो, "पुन्हा एकदा म्हण ना. जरा मोठ्याने, विलासराव पुढे बसलेत."